हुरडा, स्पॅनिश आणि एक राहिलेला जयभीम

परवा सुट्टीच्या सकाळी केडगावच्या पुढं, पुणे रस्त्याला, एका वावराशी स्कूटर थांबवली आणि माझ्या तोंडून भलतंच काहीतरी निघालं. बांधाच्या आत आगटी पेटली होती. गोवऱ्यांचा पांढरा धूर वर न जाता जमिनीलगत लोळत होता. भोवती पाच-सहा माणसं उकिडवी बसून गरम कणसं तळहातांवर चोळत होती, फुंकर मारून कूस उडवत होती. त्यांतल्या एका म्हाताऱ्यानं माझ्याकडं पाहिलं आणि तोंडात दाणे असतानाच हाक दिली, "या की पाव्हणं, बसा!"

मी म्हणालो, "के आप्रोवेचे!"

"आँ?"

"काही नाही हो. सावकाश होऊ द्या, म्हटलं."

"मंग तसं म्हना की राव! मला वाटलं, शिवी दिली," म्हातारा म्हणाला आणि सगळे खदखदून हसले. मीही हसलो. पण स्कूटर चालू करताना मी ते शब्द पुन्हा एकदा पुटपुटलो. तीन वर्षं झाली, तरी ते शब्द माझ्यात जिवंत आहेत! बोलवायला लागत नाहीत. प्रसंग दिसला की आपले आपण पुढं येतात. हुरड्याचा धूर नाकात गेला की मला स्पॅनिश आठवतं, असं वाक्य अख्ख्या नगर जिल्ह्यात माझ्याशिवाय कोणी लिहील असं वाटत नाही.

मी नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मेंटेनन्सचा सुपरवायझर आहे. तीन वर्षांपूर्वी, ज्वारी पोटऱ्यातून बाहेर पडायच्या दिवसांत, आमच्याकडं स्पेनहून एक भलं मोठं मशीन आलं. लाकडी खोक्यांत, सुटंसुटं. ते जोडायला रामोन आला. पन्नाशीचा, टक्कल पडलेला, हातांना कायम ग्रीस. त्याचं इंग्रजी आणि आमचं इंग्रजी सारखंच, म्हणजे बेताचं. म्हणून मालकांनी पुण्याहून मृणाल मॅडमना बोलावलं. आठवड्यातून तीन दिवस, पहिली पाळी सुटली की कँटीनमध्ये स्पॅनिशचा वर्ग. फिनेलनं पुसलेली ओली टेबलं, मागं भांडी घासल्याचा खडखडाट, खिडकीतून येणारं थंडीतलं तिरपं ऊन आणि पुढ्यात कोरी वही. एक्कावन्नाव्या वर्षी मी वहीला कव्हर घातलं होतं. बायकोनं ते पाहिलं आणि वर नावाची चिठ्ठी चिकटवून दिली.

पहिले आठ-दहा दिवस क्रियापदांत गेले. मग एके दिवशी मॅडमनी वह्या मिटायला सांगितल्या आणि चित्रांची कार्डं काढली. एक माणूस जेवतोय, तुम्ही शेजारून जाताय. काय म्हणाल? एकजण शिंकला. काय म्हणाल? कोणाचे वडील वारले. काय म्हणाल?

मला जेवणाऱ्या माणसाचं कार्ड आलं. मी घाम गाळून, एकेक शब्द जुळवून वाक्य उभं केलं: तुमचं अन्न तुमच्या पोटाला चांगलं लागावं अशी माझी इच्छा आहे.

मॅडम म्हणाल्या, "साळवेसर, व्याकरण अगदी बरोबर आहे. पण तोवर तो जेवून, हात धुऊन, पान खायला गेलासुद्धा." मग त्यांनी ते दोन शब्द सांगितले. के आप्रोवेचे. बस्स. "हे बनवायचं नसतं. माणसं दिवसभर जे बोलतात त्यातलं कितीतरी तयारच असतं. ते जसंच्या तसं उचलायचं. आणि कुठं उचलायचं ते कळण्यासाठी माणसांत बसायचं."

त्या दिवशी वर्गात मी जवळजवळ उठून उभा राहिलो. कारण मॅडमनी पुढं सांगितलं की स्पेनमध्ये जुनी माणसं डबा उघडला की शेजारच्याला विचारतात, 'गुस्तास?' म्हणजे घेतोस का? आणि शेजाऱ्यानं लगेच हात घालायचा नसतो. ग्रासियास, म्हणजे आभारी आहे, आणि के आप्रोवेचे, म्हणायचं असतं. अहो, हे तर आपलंच! 'या जेवायला.' 'होऊ द्या, सावकाश होऊ द्या.' बांधावर भाकरी सोडून बसलेला माणूस रस्त्यानं जाणाऱ्याला असंच म्हणतो, आणि जाणारा थांबत नाही. बोलावणं खरं असतं आणि नकारही खरा असतो. सात-आठ हजार किलोमीटर लांब कोणीतरी अगदी तसंच बोलावतंय, तसंच नाकारतंय! इतका आनंद मला कुठलंही बिघडलेलं मशीन सुरू झाल्यावर झाला नव्हता.

आमच्या वर्गात दत्ता होता. फिटर, माझ्याहून पाचएक वर्षांनी लहान, कर्जतकडचा, घरची बारा एकर ज्वारी. रामोन रोज सकाळी त्याला 'के ताल?' विचारायचा, म्हणजे कसं काय. दत्ता प्रामाणिकपणे थांबायचा आणि हातवारे करून गुडघ्याचं दुखणं, रात्रीच्या लाइटीचं वेळापत्रक, चिमण्यांनी पाडलेला कणसांचा फडशा असं सगळं सांगायला बसायचा. रामोन पाना हातात धरून बिचारा ऐकत राहायचा. शेवटी मॅडमनी दत्ताला धरलं.

"दत्ताभाऊ, तुम्हाला रस्त्यात कोणी 'काय चाललंय' विचारलं तर काय सांगता?"

"निवांत, म्हनतो."

"खरंच निवांत असता?"

"कुठलं ओ मॅडम!"

"मग?"

दत्तानं टेबलावरचा ओला डाग बोटानं पुसला. मग हळूच म्हणाला, "आयला. आपन बी तसंच हाय की."

दुसऱ्या दिवशी रामोननं 'के ताल' विचारल्यावर दत्तानं नुसतं 'ब्येन', म्हणजे बरंय, एवढं म्हणून पाय चालता ठेवला. चार पावलं गेल्यावर तो माझ्याकडं वळला. परीक्षेत पहिला आलेल्या पोरासारखा चेहरा.

मला तर वेडच लागलं होतं. स्कूटरवर पुटपुटायचो, आंघोळीत पुटपुटायचो. बायको म्हणायची, "दुसरं काही नाही, फक्त गल्लीत बोलू नका असं." आणि स्पॅनिश ऐकता ऐकता मला मराठी ऐकू यायला लागलं. निघताना आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. फोन ठेवताना 'बरंय मग' म्हणतो, बरं काही नसलं तरी. पन्नास वर्षं मी या वाक्यांवरून चाललो होतो आणि पायाखाली फरशी आहे हे पहिल्यांदाच बघत होतो.

पण एक गोष्ट जमत नव्हती. कार्ड दिसलं की मी सगळ्यांच्या आधी उत्तर द्यायचो. तेच कँटीनमध्ये रामोन खराखुरा ताट घेऊन बसला की के आप्रोवेचे माझ्या दातांपर्यंत यायचं आणि तिथंच थांबायचं. मी मान हलवून पुढं जायचो. मॅडमच्या ते लक्षात आलं. म्हणाल्या, "येतंय तुम्हाला. मग म्हणत का नाही?"

"सवय नाही."

"असं होतं बरं का. काही जणांना शब्द पक्का येत असतो, पण तो आपल्या तोंडी शोभेल असं वाटत नाही. आपण कोणीतरी वेगळेच दिसू अशी भीती वाटते. शब्द येणं वेगळं आणि तो चारचौघांत आपला म्हणून उच्चारणं वेगळं."

त्यांना काय माहीत, की हे त्या कोणाला सांगत होत्या.

आता ते लिहायलाच हवं. त्याच्याही सहा वर्षं आधीची गोष्ट, हुरड्याचेच दिवस. मला सुपरवायझर होऊन महिना झाला होता. दुपारी मी गेटवर मॅनेजर साहेब आणि पुण्याहून आलेल्या दोन पाहुण्यांबरोबर उभा होतो. रस्त्यापलीकडं माझे वडील एसटीतून उतरले. आम्ही त्यांना नाना म्हणतो. दोन एकर कोरडवाहूतली, पहाटे तोडलेली कणसं ओल्या फडक्यात बांधून, पिशवी छातीशी धरून ते आले होते. पोराच्या कारखान्यातल्या लोकांनी हुरडा खावा म्हणून. मला पाहताच त्यांनी हात वर केला आणि रस्ता ओलांडायच्या आधीच, खणखणीत आवाजात म्हणाले, "जयभीम!"

हा शब्द मला चालता येण्याआधी येत होता. आमच्या घरात सकाळ त्यानं उजाडते. आल्यावर तोच, जाताना तोच, फोनवर तोच. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "हं, नमस्कार, नमस्कार. बोला."

बोला! माल घेऊन आलेल्या माणसाला म्हणतात तसं.

नानांचा हात खाली आला. ते जवळ आले, पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "साहेब, कणसं हायेत. द्या तुमच्या लोकास्नी." मग वळून गेले. मॅनेजर साहेबांनी विचारलं, "कोण होते?" मी म्हणालो, "गावाकडचे आहेत."

मला कोणी अडवलं नव्हतं. कोणी काही बोललं नव्हतं. आमच्या शॉपमध्ये कोण कोण आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, आडनाव पुरेसं असतं. माझं काही लपलेलं नव्हतं. लपवायचा खटाटोप मी एकटाच करत होतो. याचीच मला सगळ्यांत जास्त लाज वाटते.

नाना रागावले नाहीत. भांडण झालं असतं तर मिटवता आलं असतं. गावी गेलो की म्हणायचे, "आलास व्हय? हातपाय धू." जेवताना आग्रह करायचे, पिकाचं सांगायचे, नातवंडांची चौकशी करायचे. फक्त तो शब्द नाही. गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही द्यायचे, मला नाही. मी आपण होऊन म्हणावं तर दरवेळी उंबऱ्यात शब्द दातांपर्यंत यायचा आणि वाटायचं, कुठल्या तोंडानं? सहा वर्षं असंच.

मॅडमच्या त्या बोलण्यानंतर दुसऱ्या दिवशी मी कँटीनमध्ये गेलो. रामोन उसळीत पाव बुडवत होता. मी त्याच्या टेबलापाशी थांबलो आणि म्हणून टाकलं, "के आप्रोवेचे." त्यानं मान वर केली नाही. भरल्या तोंडानं 'ग्रासियास' म्हणाला आणि पुढचा घास घेतला. मान वर केली नाही! मला तिथं नाचावंसं वाटलं. परक्या भाषेतली पहिली पावती अशी असते. समोरच्याला काही वेगळं घडलंय असं वाटतच नाही.

मशीन सुरू झालं तसा दत्तानं पुढच्या रविवारी सगळ्यांना हुरड्याला बोलावलं. रामोन, मॅडम, मी. सकाळी त्याच्या गाडीतून निघालो. दोन्ही बाजूंना कमरेपेक्षा उंच ज्वारी, दवानं ओली, मचाणावरून कोणीतरी पाखरं हाकत होतं. दत्ताच्या आईनं आगटी आधीच पेटवली होती. रामोननं पहिलंच कणीस निखाऱ्यातून हातानं उचललं आणि स्पॅनिशमध्ये असं काही ओरडला की मॅडम म्हणाल्या, "हे मी शिकवणार नाही." जवसाची चटणी, लसणाची चटणी, गूळ, घट्ट दही. हिरवे, दुधाळ, गरम दाणे. रामोन खातोय आणि दत्ताची आई पुन्हा पुन्हा पुढ्यात ढीग लावतेय. तो 'नो, ग्रासियास' म्हणाला की ती म्हणायची, "लाजू नका, घ्या." शेवटी त्यानं माझ्याकडं वळून काकुळतीनं विचारलं, तुमच्याकडं नको कसं म्हणतात? मी सांगितलं, तीनदा म्हणतात, आणि ताटावर आडवा हात धरतात.

तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "साळवेसर, तुमचं गावही इकडंच ना?"

"हे काय, दोन किलोमीटर," दत्ता म्हणाला. "चला की नानांला भेटू. लई दिवस झालं."

"ते घरी नसतील," मी म्हणालो.

दत्तानं खिशातून मोबाईल काढला, दोन वाक्यं बोलला आणि ठेवला. "हायेत. च्या ठेवायला सांगितला."

नाना अंगणात बाजेवर बसून खुरप्याची मूठ तासत होते. दत्ता गाडीतून उतरता उतरताच म्हणाला, "जयभीम, नाना!" स्वतःच्या घरी रामराम करणारा दत्ता. लहानपणी या गल्लीत खेळायला यायचा, तेव्हा कधीतरी त्यानं तो उचलला होता. कोणी शिकवला नव्हता. नाना म्हणाले, "जयभीम रे. दमानं, कोंबडी हाय चाकाखाली."

रामोननं लगेच वही काढली. गेला दीड महिना तोही आमचे शब्द गोळा करत होता. हा कोणता? मॅडमनी सांगितलं, ही इथली भेटल्यावर म्हणायची रीत. मग त्यानं विचारलं, उत्तर काय द्यायचं? मॅडमनी प्रश्न नानांना विचारला.

नाना म्हणाले, "जयभीमला जयभीमच. दुसरं उत्तर न्हाई."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती.

रामोन ताठ उभा राहिला आणि मोकळ्या आवाजात म्हणाला, "जयभीम, नाना!" उच्चार वाकडातिकडा. नानांचा चेहरा फुलला. "जयभीम, जयभीम! बसा." मग मॅडम म्हणाल्या. मग रामोननं वर्गात आम्ही करायचो तसा हात माझ्याकडं केला: आता तू.

मी म्हणालो. जमिनीकडं बघत, कार्ड पाहिल्यावर उत्तर द्यावं तसं.

नानांनी खुरपं उचललं. "हं," म्हणाले, "च्यात साखर कशी घेत्यात पाव्हणं?"

त्यांचं चूक नव्हतं. सांगितल्यावर म्हटलेलं धरत नाहीत, हे मला आता चांगलंच माहीत होतं.

चहा झाला. नाना आणि रामोन मॅडमच्या मध्यस्थीनं पाऊण तास बोलले. तिकडं ज्वारी पिकते का, बैल असतात का, म्हातारी माणसं दुपारी काय करतात. नाना इतके हसले की दोनदा ठसका लागला. मी कोपऱ्यात बसून ऐकत होतो. सारखं वाटत होतं, इतकं सोपं आहे, इतकं सोपं आहे, आणि मला उठवत नव्हतं.

निघालो तेव्हा गोरा माणूस बघायला गल्ली जमली होती. रामोन सगळ्यांना 'येतो, येतो' म्हणत गाडीत बसला. मॅडम बसल्या. दत्तानं गाडी चालू केली. नाना आम्हाला हात करून वळले आणि घराकडं चालू लागले. पाठ थोडी वाकलेली, मान ताठ. मी एक पाय गाडीत टाकला होता. तो मी बाहेर काढला.

"नाना!"

ते थांबले, वळले. मी हात वर केला. गल्ली बघत होती, दत्ता बघत होता. मी पोटापासून आवाज काढला.

"जयभीम!"

कुठंतरी कोंबडी फडफडली. नानांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मशीन घेताना आम्ही पाहतो तसं.

"जयभीम," ते म्हणाले. "आन पोचल्यावर फोन कर. रस्ता लई खराब हाय." आणि घरात गेले.

आवाज रोजचाच होता. क्षमा वगैरे त्यात काही नव्हतं. तो मला सहा वर्षांपूर्वी मिळायचा तसाच, जुन्या वापरातला होता. मी गाडीत बसलो आणि माझे डोळे वाहायला लागले आणि मी हसतही होतो. गाडी गल्लीतून बाहेर पडली. मग दत्ता आरशातून म्हणाला, "साळवेसाहेब, शॉपमधी एवढा आवाज कधी निघत न्हाई तुमचा. आमी फिटर लोकं उगीच तुमाला गरीब समजत हुतो."

सोमवारी मी मॅनेजर साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. म्हणालो, सहा वर्षांपूर्वी गेटवर कणसं घेऊन आले होते ना, ते माझे वडील. ते गोंधळून म्हणाले, "कधी? कोण?" त्यांना काहीच आठवत नव्हतं. जे लपवायला मी बापाला परका केलं, ते पाहायला कोणी उभंच नव्हतं. तरी मी ते सांगितलं. दोन मिनिटं ते पेन खाली ठेवून ऐकत राहिले, मग म्हणाले, "बोलवा त्यांना परत." नाना मशीन बघायला येऊनही गेले. ती निराळीच गंमत आहे, त्यांनी रामोनला मशीनमध्ये दोन सुधारणा सुचवल्या.

पण मला सांगायचाय तो त्या रविवारचा फोन. केडगावला पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. जिन्यातच उभं राहून मी नंबर लावला. दुसऱ्याच घंटीला नानांनी उचलला, आणि आम्ही दोघं एकदमच म्हणालो. आधी कोण म्हणालं यावर आमचा अजून वाद चालू आहे. नाना म्हणतात, ते. मी म्हणतो, मी.